लेकीला पडू द्या म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, तेवढ्यात काकू चहा आणतात आणि माझं बोलायचं राहून जातं, असं चार वेळा झालं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

जून 2025 मध्ये आपल्या मुलींच्या आइस हॉकी टीमने UAE मधल्या अल ऐनला एशिया कपात ब्राँझ मिळवलं, त्याचा व्हिडिओ लेकीने माझ्या मोबाईलवर बघितला आणि त्या दिवसापासून घरात एकच धोशा, मला पण बर्फावरची हॉकी पाहिजे. सहा वर्षांची पोर, राहायला दांडिया बाजार, बडोद्यात बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. आम्ही कोणी तिला रागावलो नाही पण खरं सांगते, कोणी मनावरही घेतलं नाही, आठवडाभरात विसरेल असंच वाटलं. सासूबाईंना तिच्या दातांची काळजी, ह्यांना खर्चाची, आणि मला तर खेळातलं काहीच कळत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी ह्यांच्याकडे कागद घ्यायला आलात आणि ती सरळ तुमच्यासमोर जाऊन उभी राहिली की आजोबा तुम्ही फौजेत होतात ना, मग तुम्ही बर्फ बघितलाय का. आणि तुम्ही खुर्ची ओढून तिला तासभर लेहचं सांगत बसलात, गोठलेल्या तळ्यावर रात्री पाणी सोडायचे आणि सकाळी कडक बर्फ तयार, सुरुवातीच्या काळात जवानांनी फौजी बुटांनाच लोखंडी पट्ट्या ठोकून स्केट्स बनवले होते, आणि ह्याच मुलींच्या टीमला आधी परदेशात खेळायला जायला लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. तिला बाकी किती कळलं माहीत नाही पण वर्गणी कळली. गणपतीत आपण काढतो तशी, म्हणाली.

दुसऱ्या रविवारी तुम्ही फतेगंजहून स्कूटरवर आलात आणि पहिलं काम केलं ते म्हणजे आम्ही विकत आणलेले स्केट्स परत पाठवले. आम्ही नेहमीप्रमाणे वाढत्या अंगाचे, दोन नंबर मोठे घेतले होते, दुकानदारानेच तसं सुचवलं होतं, आणि वर चार चाकं दोन-दोनच्या जोडीत. तुम्ही म्हणालात एका रांगेत चाकं असलेले आणा, ते बर्फावरच्या ब्लेडवाल्या स्केट्सच्या जवळचे, आणि पायाला नीट बसणारे आणा, ढिला बूट असला की घोटा आत वळतो आणि मग पोर बिचारी म्हणते मला जमत नाही, जमत नसतं ते बुटाला. हे वाक्य मी किती जणांना सांगितलंय काका! आणि मोजे एकच, पातळ, मी लोकरीचे दोन घालणार होते. नाडीचं तर तुम्ही माझ्याकडून दहा वेळा करून घेतलंत, पुढे बोटांपाशी सैल, घोट्याशी घट्ट, सगळ्यात वर परत जरा सैल म्हणजे गुडघा पुढे वाकतो. शाळेच्या बुटाची नाडी बांधणाऱ्या आईला हे कुठून माहीत असणार.

स्टिक तुम्ही स्वतः करवतीने कापलीत, साध्या चपलेत उभी करून नाकापर्यंत, कारण स्केट्स घातले की उंची वाढते आणि मग ती हनुवटीशी येते. मी म्हणलं उजव्या हाताने लिहिते तर उजवा हात खाली धरेल ना, तुम्ही म्हणालात असं काही ठरवू नकोस, तिला नुसती काठी दे आणि झाडू मारायला सांग, आपोआप कळेल. तिने उजवा हात वर धरला आणि तुम्ही खूश झालात, म्हणालात चांगलंय, जोराचा हात वर असला की काठीवर ताबा राहतो. मग आमच्या वाड्याच्या चौकात लादीवर ती आणि टेनिसचा बॉल, रोज संध्याकाळी. खरा पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत बॉलऐवजी असते ती चकती, तुम्ही फक्त हातात दिलात बघायला, कडक रबराचा, 156 ते 170 ग्रॅम, एवढासा दिसतो आणि लागला तर हाड मोडेल. सायकलचं हेल्मेट चालणार नाही, जाळीवालंच पाहिजे, ह्यावर तुम्ही ह्यांचं एक ऐकलं नाहीत. सासूबाईंनी जाळी हाताने ओढून बघितली तेव्हा कुठे त्या दातांचं बोलायच्या थांबल्या. लहान मुलांच्या खेळात अंगावर जाऊन धडक मारायची परवानगीच नसते हे पण त्यांना तुम्हीच समजावलंत, चांगला अर्धा तास, एकदाही न कंटाळता.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते वेगळंच आहे.

तुमच्यासमोर ती पहिल्यांदा पडली तेव्हा मी धावले होते, आणि तुम्ही हात आडवा केलात. मला राग आला होता काका, आता सांगते, खूप आला होता, माझ्या मुलीपाशी जायला मला अडवणारे हे कोण असं वाटलं. तुम्ही तिला लांबूनच सांगत होतात, आधी मुठी बंद, बोटं आत, बर्फावर दुसऱ्याचं ब्लेड बोटांवरून जाऊ नये म्हणून ही सवय आत्तापासून, मग गुडघ्यांवर ये, एक पाय पुढे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर आणि उठ. तिला सात वेळा करावं लागलं, मला ते सात तास वाटले. उठली तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलंच नाही, स्वतःच्या पायांकडे बघितलं. नंतर तुम्ही मला हळूच म्हणालात, तू उचललंस तर तिला कळेल की पडणं म्हणजे काहीतरी वाईट झालं. आणि तिला एक चोपडी दिलीत, रोज किती वेळा पडली ते लिहायला. आदल्या दिवशीपेक्षा जास्त पडली की तुम्ही शाबासकी द्यायचात, म्हणायचात आज काहीतरी नवीन करून बघितलंस वाटतं.

आधीच्या एका स्केटिंगच्या क्लासमध्ये ती पडली की हसायचे, दोन महिन्यांत ती भिंत धरून चालायला लागली होती. तिथून तुम्ही तिला कुठे आणलंत हे तुम्हाला स्वतःला तरी माहीत आहे का!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही देहरादूनला गेलो, हिमाद्री रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली, कित्येक वर्षं बंद पडलेली आणि 2025 मध्ये परत सुरू झालेली. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही आला नाहीत, पण तुमच्या लेहच्या मित्राने पाठवलेले जुने स्केट्स बॅगेत होते. जायच्या आधी हे त्यांना धार लावून आणणार होते, आपल्या गल्लीत सुरी-कात्रीवाला येतो त्याच्याकडून, नशीब तुम्हाला फोन केला, ब्लेडच्या मधोमध लांब खाच असते आणि दोन्ही बाजूला दोन कडा, साध्या दगडावर घासलं असतं तर सपाट होऊन सगळंच गेलं असतं. आणि सासूबाईंनी, तुम्ही सांगितलंत की खेळून झाल्यावर ब्लेड कोरडं करून कापडात ठेवायचं नाहीतर गंजतं, तर आमच्या घरातल्या आजोबांच्या जुन्या पंच्याचे दोन खोळ शिवून दिले, आतून दुहेरी. ज्या बाई आधी नको म्हणत होत्या त्या.

पहिल्या दिवशी बर्फावर ती उभी पण राहत नव्हती. चाकांवर जे थांबायला शिकली होती ते तिथे चालेना, ब्लेड बाहेर ढकलून बर्फाचा कीस काढत थांबायचं असतं. मी काचेच्या ह्या बाजूला बसून होते, हात मांडीखाली दाबून, तोंडातून एक शब्द काढला नाही. बाकी आयाबाया ओरडून सांगत होत्या, वाक, वाक, उजवीकडे बघ, आणि त्यांची मुलं दर मिनिटाला मान वळवून काचेकडे बघत होती. आमची बघत नव्हती. मला रडू येत होतं पण ते वेगळं रडू होतं. शेवटच्या दिवशी सगळ्या लहान मुलांना रिंकच्या आडव्या बाजूने छोटी मॅच खेळवली, अख्खी 60 मीटरची रिंक त्यांना झेपत नाही, आणि तिने एकदा, एकदाच, पकला काठी लावली. गोल वगैरे काही नाही. बाहेर येऊन घामाने भिजलेली, म्हणाली आई आधी आजोबांना फोन लाव, आणि तुम्हाला नमस्कार पण न करता ओरडली, एक्केचाळीस! तुम्ही पलीकडून इतक्या मोठ्याने वा म्हणालात की शेजारची बाई वळून बघायला लागली.

काका, तुम्ही तिला हॉकी शिकवलीत त्याचे आभार ती मोठी झाल्यावर मानेल. मी माझे मानतेय, मला काठावर बसायला शिकवलंत त्याचे. शाळेत, अभ्यासात, सगळीकडे ते कामाला येतंय, परवा ती पाढे म्हणताना अडकली तर मी पुढचं सांगितलं नाही, थांबले, तिचं तिला आठवलं.

काठी आता तिच्या नाकाच्या बरीच खाली यायला लागलीय, नवीन घ्यावी लागेल, कापायला तुम्हीच पाहिजे. रविवारी सकाळी आम्ही सगळे येतोय, सासूबाई पण, त्यांना तुम्हाला खोळ दाखवायचेत. शेव-उसळ आम्ही घेऊन येतो, काकूंना सांगा काही करू नका, फक्त करवत काढून ठेवा.

तुमची,
चोपडीवालीची आई