परड्याचे वेळापत्रक बेळगावच्या हवेवर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसबागेच्या व्हिडिओंत आणि ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटांवर हल्ली एक सूचना हमखास असते : ‘लास्ट फ्रॉस्ट डेट’च्या, म्हणजे हिवाळ्यातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या थंडीच्या तारखेच्या, सहा आठवडे आधी रोपे तयार करा, अमुक झोनमध्ये लावा. बेळगावात पाणी गोठेल अशी थंडी पडत नाही, त्यामुळे ती तारीख इथे शोधून सापडणार नाही. शिवाय पाकिटांवरचे ते झोन अमेरिकी आहेत आणि फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावर आखलेले आहेत. त्या हिशेबाने खानापूर आणि अथणी जवळपास एकाच झोनमध्ये बसतील. प्रत्यक्षात खानापुरात अथणीच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो!

कर्नाटकाचे शेती-हवामानाचे दहा विभाग आहेत आणि त्यांतले तीन एकट्या बेळगाव जिल्ह्यात येतात. खानापूर डोंगरी विभागात, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि बैलहोंगल उत्तर संक्रमण विभागात, तर अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती आणि रामदुर्ग उत्तर कोरडवाहू विभागात. परड्यात काय लावायचे हे आधी यावरून ठरते. कधी लावायचे ते आपल्या आज्या-पणज्या नक्षत्रांवरून ठरवत, आणि अजूनही त्याहून सोयीचे कॅलेंडर नाही.

उदाहरण टोमॅटोचे घ्या. मृगावर लावलेला टोमॅटो बेळगाव-खानापूरच्या झडीत करप्याने जातो. बी उत्तरा नक्षत्रात, साधारण 13 सप्टेंबरनंतर, ट्रेमध्ये टाकावे. 25 ते 30 दिवसांचे रोप हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस सरल्यावर, चित्रा नक्षत्रात लावावे. मग फुलोरा नोव्हेंबरात येतो. हेच रोप नोव्हेंबरअखेर लावले तर फुले ऐन थंडीत येतात. रात्रीचे तापमान 13 अंशांखाली गेले की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुले गळतात. लोक मग युरिया घालतात, झाड आणखी पाल्यावर जाते आणि फळ काही धरत नाही.

फ्लॉवरमध्ये फसगत बियाण्याची असते. लवकरची जात थंडीत लावली तर झाड वाढायच्या आत बटणाएवढा गड्डा धरते. उशिराची जात जूनमध्ये लावली तर गड्ड्यासाठी हवी ती थंडी मिळत नाही आणि नुसती पाने वाढत राहतात. दुकानात ‘चांगले बी द्या’ म्हणण्याऐवजी ‘लवकरचे की उशिराचे’ हे आधी विचारावे.

भेंडीला गार माती चालत नाही. डिसेंबरात टोकलेले बी उगवायला वेळ घेते आणि बरेचसे कुजून जाते. फेब्रुवारीचा मध्य किंवा मृग, या दोनच वेळा धराव्यात.

खानापूरकडे पावसाळ्यात आले, हळद, अळू आणि सुरण यांवर भर द्यावा. आले मे महिन्यात, वळवाच्या ओलीवर लावावे : दोन डोळ्यांचा 25 ते 40 ग्रॅमचा तुकडा, 5 सेंमी खोल. गादीवाफा मीटरभर रुंद आणि किमान 30 सेंमी उंच हवा. सपाट वाफ्यात पाणी साचले की कंदकुज आलीच. मांडवावरच्या दोडक्या-कारल्यांना जुलैत कळ्या लागूनही फळ पिवळे पडून गळते, तेव्हा खताला दोष देऊ नये. झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवावे : कारल्याला सकाळी, दोडक्याला संध्याकाळी, कारण त्याची फुले तेव्हा उमलतात.

अथणी-रायबागच्या काळ्या मातीत प्रश्न उलटा. तिथे मार्च ते मे परड्याला 50 टक्के सावलीची जाळी आणि बुडाशी बोटभर जाड पाचटाचे आच्छादन लागतेच. गच्चीवरच्या कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवाव्यात. उन्हाळ्यात झाड कोमेजते ते बऱ्याचदा मुळे भाजल्यामुळे, आणि त्यावर जास्त पाणी घालून ती कुजवली जातात.

एकाच गल्लीतही फरक पडतो. गार हवा सखल जागी साचते, पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत रात्री ऊब देते. किमान-कमाल तापमापी सावलीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर टांगून दोन हिवाळे नोंदी ठेवल्या तर आपल्या परड्याचा स्वभाव कळतो. पपई, मनीप्लांट यांसारखी थंडी न सोसणारी झाडे कुठे ठेवायची, हे त्यावरूनच ठरवावे.

आपल्या दैनिकात शहराचे तापमान रोज येते, त्याचा खानापूर किंवा अथणीच्या वाचकाला फारसा उपयोग नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्यातून एकदा तालुकावार किमान तापमान आणि पाऊस छापावा, ही विनंती. चार ओळींची जागा पुरेल.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव