गट भांडला म्हणून बंद करू नका

संपादक महोदय,

बचत गट बंद पडल्याच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. कारण बहुतेकदा एका ओळीत उरकलेलं असतं: महिलांमधील वाद. सोलापूरच्या पूर्व भागात २७ वर्षं गटांसोबत बसले, म्हणून या एका ओळीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. वाद प्रत्येक गटात होतो. त्या दिवशी समोर बसलेल्या संघटिकेला, म्हणजे संस्थेकडून गट बांधायला आलेल्या बाईला, काय करायचं ते माहीत नसलं की गट हातातून जातो. माझ्याही हातातून एक असाच जाता जाता राहिला.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतला गट, १३ जणी. अंगणात सतरंजी, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. दिवसाला हजार विड्या वळायच्या असतात, त्यामुळे बैठकीतही हात चालूच. आठव्या महिन्यात एकीचे दोन हप्ते थकले. दुसरीने सगळ्यांसमोर विचारलं. बघता बघता आवाज चढले, हिशोबाची वही अंगणाच्या पार कडेला जाऊन पडली आणि सगळ्या मराठी सोडून तेलुगूत बोलू लागल्या. मी घाबरले. "अहो, मराठीत बोला. आणि आता पुरे, पुढचा विषय घेऊ," असं म्हणून मोकळी झाले. पुढच्या शुक्रवारी पाचच जणी आल्या.

मला धीर आला तो समाजकार्याच्या वर्गात शिकलेल्या, पण परीक्षेनंतर बाजूला पडलेल्या एका मांडणीने. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लहान गटांवरचे ५० लेख तपासून गटाच्या वाढीचे चार टप्पे सांगितले. माझ्या भाषेत सांगायचं तर आधी जमणं, मग खडाजंगी, मग घडी बसणं आणि त्यानंतर खरं काम. खडाजंगी हा वाटेतला मुक्काम आहे, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. माणसं एकमेकींना जपून बोलणं सोडतात, मनातलं बोलतात, आणि नियम ठरतात ते त्यानंतरच.

ही मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. टकमनने वाचलेले बरेचसे अभ्यास उपचारगटांचे आणि प्रशिक्षणगटांचे, म्हणजे मानसोपचारासाठी किंवा शिकण्यासाठी जमवलेल्या माणसांचे होते. साखर पेठेतल्या एका बोळातल्या बायका गट होण्याआधीच वीस वर्षं एकमेकींना ओळखतात. पहिल्या बैठकीला येतानाच नळावरची जुनी भांडणं सोबत आणतात. सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, तीही विडी कामगारांचीच, मात्र वेगळी. २००६ नंतर तिथल्या १०,००० घरांत वेगवेगळ्या पेठांतून बायका राहायला गेल्या, शेजारीण कोण हेच ठाऊक नव्हतं. तिथे जमण्यालाच कितीतरी महिने लागले. संघटिकेने आपला गट कुठून निघालाय हे आधी ओळखायला हवं.

मी त्या आठ जणींच्या घरी गेले. पुढच्या बैठकीत तेरा जणी गोल बसल्या, वही मी हातात घेतली नाही. तेलुगूत बोला म्हटलं, एकीला मला मराठीत सांगायला बसवलं. एकेकीने बोलायचं, मधे कुणी बोलायचं नाही. मला विचारलेला प्रश्न मी गटाकडेच परत द्यायचे: "तुम्हाला काय वाटतं?" मग शांतता. ती सोसणं फार अवघड असतं, जीभ शिवशिवते. आणि मग उंबऱ्याशी बसलेली, आठ महिन्यांत हजेरीपलीकडे शब्द न काढलेली एक अक्का म्हणाली, "मजुरी शनिवारी हातात पडते, हप्ता शुक्रवारी मागता. आदल्या दिवशी कुणाच्या घरात पैसे असतात?"

बैठकीचा वार मी ठरवला होता, माझ्या सोयीने. तो रविवार झाला. थकलेले हप्ते दोन महिन्यांत फिटले.

नाबार्डने, म्हणजे ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपण पंचसूत्री घोकतो आहोत: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पाचही योग्यच. बँक वही बघते, तीही बघायलाच हवी. पण नव्या मुलींची प्रशिक्षणं मी पाहिली आहेत: दिवसभर नोंदवह्या कशा भरायच्या ते सांगतात, आणि गटात भांडण लागलं, एकच बाई सगळं बोलत राहिली, एखादी रडली तर काय करायचं, याला शेवटची वीस मिनिटं. मग ती पोरगी भांडणाला अपयश समजते आणि अहवालात 'गट बंद' लिहून टाकते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. १९७७ मध्ये टकमन आणि मेरी अॅन जेन्सन यांनी पाचवा टप्पा जोडला, निरोपाचा. आमच्याकडे तो कुणी पाळत नाही. मी ज्या संस्थेत होते तिचा प्रकल्प संपला, तेव्हा गुरुवारी सांगितलं की उद्यापासून वस्तीत जाऊ नका. त्या रविवारी त्या तेरा जणी सतरंजी अंथरून वाट बघत बसल्या होत्या, हे मला तीन आठवड्यांनी अशोक चौकात भेटलेल्या एकीने सांगितलं. तिने विचारलं, "अक्का, आमचं काय चुकलं?"

गट चालवणाऱ्या संस्थांना आणि कार्यालयांना माझी विनंती आहे. प्रत्येक नव्या संघटिकेला आधी तीन बैठका अनुभवी बाईच्या शेजारी नुसतं बसू द्या. वाद झालेला गट, दोनदा कुणीतरी जाऊन बसल्याशिवाय, कागदावर बंद करू नका. आणि प्रकल्प संपणार असेल तर किमान दोन महिने आधी बायकांना सांगा. हिशोब, वही, बँकेचं काम कोण बघणार ते त्यांच्याकडूनच ठरू द्या. यासाठी सोलापुरात कुणीही बोलावलं तर रविवारी दुपारी मी यायला तयार आहे, मानधन नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गटसंघटिका, सोलापूर