लावदिकीयाचा नळ

प्रिय वसंता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशिराबद्दल शिव्या घालशील, घाल.

बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या 3 ऱ्या अध्यायावरचं प्रवचन तुला लागलं, हे ओळींमधून कळत होतं. तिथं ख्रिस्त लावदिकीया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला म्हणतो, तू थंड नाहीस की उष्ण नाहीस, थंड किंवा उष्ण असतास तर बरं होतं, पण कोमट आहेस म्हणून तुला ओकून टाकीन. 'कोमट असण्यापेक्षा थंड परवडला' असं पाळकसाहेब म्हणाले आणि तू मागच्या बाकावर बसून हिशेब करत राहिलास की आपण कुठल्या खात्यात. त्यापेक्षा उपासनेला येणंच सोडलं तर देव जास्त खूश होईल का, असं विचारलंयस. अरे, हाच प्रश्न मलाही छळायचा. आपल्याकडे 'थंड माणूस' म्हणजे हाक मारली तरी न हलणारा. तो देवाला का आवडावा?

मागं तुर्कस्तानला गेलो होतो, तेव्हा देनिझली शहराजवळ लावदिकीयाचे अवशेष पाहिले. खांब, नाट्यगृहं सगळं आहे, पण मी अडकलो ते पाण्याच्या नळांपाशी. दगड आरपार कोरून एकाला एक जोडलेले नळ. आत बोट घातलं तर क्षाराचा जाड थर, आपल्या बोअरच्या पाण्यानं बंबाच्या तळाला धरतो तसाच. काही नळांत तर जेमतेम मूठ जाईल एवढंच भोक उरलंय. उत्तरेला दहाएक किलोमीटरवर हेरापलीचे पांढरेशुभ्र कडे दिसतात, तिथं गरम पाण्याचे झरे. लोक आंघोळीला, औषधाला जायचे. दुसऱ्या बाजूला डोंगराखाली कलस्सै, तिथं गार पाणी. एक अंग शेकायला, एक तहान भागवायला. दोन्ही कामाचीच! मग 'थंड असतास तर बरं होतं' ही शिवी उरतच नाही.

गाइडकडून हे ऐकून मी तिथंच हरखलो होतो. पण घरी येऊन वाचत बसलो तेव्हा जरा जमिनीवर आलो. हेरापलीचं गरम पाणी वाटेत कोमट व्हायचं, असं गाइड सांगतात. प्रत्यक्षात लावदिकीयाचं पाणी दक्षिणेकडून यायचं. आणि स्ट्राबो हा जुना भूगोलकार लिहितो की तिथल्या नद्यांचं पाणी दगड धरतं खरं, पण पिण्याजोगं आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, नळ सोडा, जेवणाचं ताट बघा. त्या काळी द्राक्षारसात गरम पाणी घालत, नाहीतर तो गार करून देत. कोमट पेला म्हणजे यजमानाची हयगय. शिवाय उलटी काढायला कोमट पाणीच पाजत. आपली आजी मीठ घालून पाजायची, आठवतं? 'ओकून टाकीन' हे शब्द त्या मंडळीच्या थेट घशाशी आले असणार.

मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पण गंमत बघ, दोन्हींत थंड चांगलंच आहे.

पाळकसाहेबांना मात्र अगदीच मोडीत काढू नकोस. इथला 'उष्ण' हा ग्रीक शब्द उकळण्यावरून आलाय, आणि बायबलमधल्याच रोमकरांस पत्रात प्रेषित पौल आत्म्यातल्या उत्साहासाठी तेच क्रियापद वापरतो. त्यांनी 'उष्ण'चा अर्थ जोश लावला तो हवेतून नाही. 'थंड'चा लावला तो आपल्या मराठीतून.

माझा अपराधही कबूल करतो. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला ना? संडेस्कूलमध्ये मी दोन वर्षं पोरांना शिकवलं की 'सुईचं नाक' हा यरुशलेमेतला एक बुटका दरवाजा होता आणि उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून आत जायचा. असा दरवाजा त्या काळी होता, याला कसलाच पुरावा नाही. बाबेलच्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांच्या, तोंडी तर सुईच्या नेढ्यातून हत्ती आहे! म्हणजे अशक्य ते अशक्यच. श्रीमंतांची सोय करायला कुणीतरी दरवाजा काढला आणि मी तो पोरांना दाखवला. जुना काळ शोधताना आपल्याला हवा तोच काळ सापडतो, ही भीती मला तेव्हापासून आहे.

प्रकटीकरणाच्या त्याच अध्यायात पुढं लावदिकीयाच्या तोंडी 'मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही' असं वाक्य आहे ना? इ.स. 60 च्या भूकंपात हे शहर पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशांवर उभं राहिलं, असं टॅसिटस या रोमन इतिहासकारानं नोंदवलंय. कोमटपणा तिथं शोध. कधीतरी येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्यात नको.

नळाचा फोटो सोबत ठेवलाय. काकूंना सांग, लोणचं पोचलं, बरणी नाताळला आणतो.

तुझा,
बाळू