परदेशी विद्यार्थ्यांना आधी राहायला खोली मिळू द्या

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

जगात भारताचे नाव व्हावे म्हणून आपले खाते बरेच करते. योग दिनाच्या ठरावाला २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १७७ देश सहप्रस्तावक झाले. २०२१ च्या जानेवारीत पुण्यात बनलेली लस भूतान आणि मालदीवला पोचली, तेव्हा आम्हा पुणेकरांना मनापासून अभिमान वाटला. आज लिहितो आहे ते मात्र आपल्याच देशात शिकायला आलेल्या परदेशी मुलामुलींविषयी.

मौलाना आझादांनी १९५० मध्ये उभी केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद अशा अनेकांना शिष्यवृत्ती देते. त्यात फी, विद्यावेतन, घरभाडे भत्ता सगळे आहे. पण भत्ता असला म्हणून घर मिळत नाही. पुण्याच्या कोंढव्यात खोली शोधणाऱ्या एका टांझानियन विद्यार्थ्याबरोबर मी फिरलो आहे. एजंट फोनवर होकार देतो, मुलगा समोर आला की "मालक गावाला गेलेत" म्हणतो. कुठे सोसायटी एनओसी देत नाही, तर कुठे डिपॉझिट एकदम दुप्पट होते. मालकांची एक अडचण मात्र खरी आहे. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत पोलिसांना फॉर्म भरून कळवावे लागते. तो कसा भरायचा हे त्यांना कोणी नीट सांगत नाही, मग "कटकट नको" म्हणून ते मोकळे होतात.

हा मुलगा चार वर्षांनी घरी जाईल तेव्हा भारताबद्दल काय सांगेल? त्याच्या गावात आपल्या दूतावासाचा कोणताही कार्यक्रम पोचणार नाही, त्याचे सांगणे मात्र घरोघर पोचेल.

माणसामुळे देशाचे नाव कसे टिकते, याचा पुरावा आमच्या सोलापूरने दिला आहे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. मध्ये १९६२ चे युद्ध झाले, सीमेवरचा तणाव तर आजही आहे. तरीही २००६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताव आणि २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछियांग मुंबईत आले, तेव्हा आवर्जून कोटणीस कुटुंबाला भेटले. कोटणीस प्रचाराला गेले नव्हते, म्हणूनच हे झाले असे मला वाटते.

उलटे उदाहरणही विसरता येत नाही. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाची हत्या झाली आणि आफ्रिकी राजदूतांनी याच सांस्कृतिक संबंध परिषदेच्या आफ्रिका दिनाला न येण्याचा पवित्रा घेतला. त्यांची समजूत काढावी लागली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा आपण रद्द केले. त्यात आपल्याकडे शिकणारे, पण तेव्हा घरी गेलेले अफगाण विद्यार्थी अडकले. सुरक्षेचे कारण समजू शकते. पण ज्यांची कागदपत्रे, हजेरी, गुण सगळे इथल्या विद्यापीठांत होते, त्यांची वेगळी छाननी करणे अशक्य नव्हते. विशेषतः मुलींचे शिक्षण तिकडे बंद होत असताना.

म्हणून विनंती. शिष्यवृत्तीच्या पत्रासोबतच पहिल्या वर्षाची वसतिगृहातली जागा नक्की करा. ज्या विद्यापीठाला ती देता येत नाही, तिथे मुलगा पाठवू नका. विद्यार्थी जास्त असलेल्या शहरांत एक असा अधिकारी नेमा, जो घरमालकाला फॉर्म भरून देईल आणि रात्री पोलीस चौकीतून फोन आला तर उचलेल. अडकलेल्या अफगाण विद्यार्थ्यांच्या अर्जांवर एकेक करून निर्णय द्या. यासाठी लागणारा पैसा परदेशातल्या एखाद्या महोत्सवातून कमी केला, तरी मला चालेल.

पुण्यात प्रवेश सुरू व्हायच्या आधी यातले निदान वसतिगृहाचे तेवढे व्हावे.

आपला,
पुण्यातील एक नागरिक