हेलिपॅडखाली गेलेल्या पांढरीबद्दल मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मागच्या श्रावणात आमच्या शाळेच्या पटांगणात आपण शब्द दिलात, "खाडीकाठच्या पांढरीला कुंपण घालतो." परवा त्याच पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती जेसीबीने उपसली. १६ डंपर गेले, कोणी २० म्हणतं. कशासाठी? आपल्याच हेलिकॉप्टरच्या भरावासाठी! मी आडवा गेलो, घसरलो, मनगट मोडलं. आता नातीला सांगून लिहून घेतोय. शिव्या ती गाळते.

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं बंदर आहे. तिथल्या दुसऱ्या टॉलेमी राजाने आईच्या नावाने वसवलेलं. १९९४ पासून तिथे परदेशी पथकं वाळू चाळताहेत. देवळात पुरलेल्या भारतीय रांजणात ७.५ किलो मिरी निघाली, २०२२ साली बुद्धमूर्ती. आणि गावाबाहेरच्या उकिरड्याखाली प्राण्यांची दफनभूमी! २०२१ साली मोजदाद छापली: ५३६ मांजरं, ३२ कुत्री, १५ माकडं. काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टे, कुठे मणी. दात पडलेली म्हातारी कुत्रीही निघाली, म्हणजे कोणीतरी मऊ भरवून जगवली असणार. (माझे वरचे चार गेलेत, मला कळतं.) माकडांना आधी आफ्रिकेतली समजले, मग हाडं ताडून पाहिली तर ती आपल्याकडची निघाली! जहाजातून गेलेली, मेल्यावर कोणीतरी नीट पुरलेली.

ही जहाजं कुठून सुटायची? पहिल्या शतकातल्या, म्हणजे इजिप्तवर रोमनांचं राज्य असतानाच्या, एका ग्रीक माहितगाराने कल्याण, सोपारा, चौल ही नावं लिहून ठेवलीत. आमची खाडी त्यांच्याच शेजारची. पांढरीत लाल झिलईची खापरं मिळायची, बिस्किटांचा डबा भरलाय माझा. ती रोमन आहेत असं मी म्हणत नाही. बघायला तरी कोणी यायचं होतं! पाच अर्ज केले. महसूलवाले पुरातत्त्वाकडे पाठवतात, पुरातत्त्ववाले ग्रामपंचायतीकडे, ग्रामपंचायत म्हणते, "गुरुजी, चहा घ्या." चहाच पितोय अकरा वर्षं. परक्या मांजराच्या दातावर तिकडे निबंध लिहितात, इकडे आजोबा-पणजोबांच्या चुलीवर रोलर फिरतो. पुतळ्याला निधी आहे, कमानीला आहे, कमानीवरच्या आपल्या फोटोला तर आहेच. खापराला मत नसतं ना!

असो. आपला दौरा रद्द झाल्याचं आजच कळलं. हेलिपॅड रिकामंच आहे. ती माती निदान चाळू द्या. चाळण्या आम्ही आणू, चार पोरं तयार आहेत. एक हात माझाही चालतो.

आपला,
खाडीकाठचा एक निवृत्त मास्तर