पोर्ट लुईच्या बस थांब्यावर भेटलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. मॉरिशसमधल्या कुणा मराठी माणसाच्या नजरेस पडलं, तर ते तुमच्या कास्काव्हेल गावापर्यंत पोचेल.

आठवण देते. मे महिन्यातली संध्याकाळ, बस थांब्यावर एक घामाघूम जोडपं, बाईच्या हातात बंद पडलेला फोन आणि पुरुष तिला अखंड बोलतोय. ते आम्ही. सहल कंपनीने आमच्या गटाला कॉडन वॉटरफ्रंटवर दोन तास खरेदीला सोडलं होतं. मला फ्रिजवरची चुंबकं आणि कीचेन घ्यायचे नव्हते. आप्रवासी घाट, म्हणजे मजुरांना बोटीतून उतरवायचे तो जुना धक्का, तिथून चालत जाण्याजोगा आहे, म्हणून आम्ही दोघं सटकलो. १८३४ पासून पुढे जवळपास पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, हिंदुस्थानातून मॉरिशसला आले, हे मी वाचलं होतं. पण घाटाच्या त्या काळ्या दगडी पायऱ्यांसमोर उभं राहिल्यावर हे एकदम गप्प झाले, आणि आमचे हे सहसा गप्प होत नाहीत. ह्या सगळ्यात घड्याळ बघायचं राहिलं. परत आलो तर गाडी निघून गेलेली. चूक आमचीच, पण पाच मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं, हे मी अजूनही म्हणते.

तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "आपण चिंतातुर का आहात?"

ताई, खरं सांगते, मला हसू आवरेना. परमुलखात मराठी कानावर पडलं, तेही थेट पाठ्यपुस्तकातलं! मग तुम्ही सांगितलंत, घरी इथली क्रिओल भाषाच बोलतात, मराठी शाळेत शिकलात. मी हसले ते मनावर घेऊ नका. तुमची चार पिढ्या समुद्रापलीकडे राहून टिकली, आमची नातवंडं ठाण्यात राहून 'वेट कर ना आजी' म्हणतात.

"पा त्राकासे," तुम्ही म्हणालात. काळजी करू नका. कंडक्टरशी क्रिओलमध्ये काहीतरी बोललात, आमच्याकडे मोठी नोट होती म्हणून तिकीटही तुम्हीच काढलंत. बसमध्ये ऊस बघत बघत ज्या गप्पा झाल्या, त्या अख्ख्या सहलीत झाल्या नव्हत्या. आडनावाच्या जागी तुमच्याकडे बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचं नाव लागतं, हे तेव्हा कळलं. गणपतीला सरकारी सुट्टी असते आणि झाकरी नाचतात, हे ऐकून मी चिपळूणची, उडालेच! कोकणातला आमचा हा लोकनाच, आमच्याकडे त्याला जाखडी म्हणतात. मी बसमध्येच दोन ओळी म्हटल्या, पुढच्या बाकावरची पोरं वळून बघायला लागली. तुमचं गाव आलं तरी तुम्ही उतरला नाहीत. फ्लिक-आँ-फ्लाकपर्यंत आलात, हॉटेलचं फाटक दाखवलंत आणि उलट्या बसने परत गेलात.

शामारेलची सात रंगांची माती सुंदरच आहे, समुद्राबद्दल तर बोलायलाच नको. पण घरी आल्यावर लोकांनी 'काय पाहिलं?' विचारलं की मी तुमच्या बसचीच गोष्ट सांगायचे. चार-पाचदा सांगून झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं, की आम्ही आजवर देश निवडले ते लग्नाची स्थळं बघावीत तसे. फोटो बघायचा, खर्च विचारायचा, शेजारच्यांनी काय केलं ते बघायचं आणि होकार कळवायचा. दुबई तशीच, सिंगापूर तसंच. पाहुणचार उत्तम, ओळख शून्य.

आता आमच्या फ्रिजवरची यादी बदलली आहे. मुलगी बाली म्हणते, हे अजून स्वित्झर्लंड सोडायला तयार नाहीत (त्यांचे सगळे मित्र बर्फात हात पसरून उभे राहून आलेत). मी मात्र एकच विचारते, तिथल्या साध्या बसने आपल्याला जाता येईल का? स्वित्झर्लंड ह्या परीक्षेत पास होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं. श्रीलंकाही होते, तिथल्या डोंगरातल्या आगगाडीसाठी. सात दिवसांत पाच शहरं मात्र बाद. एकच गाव, तिथेच मुक्काम, आणि सहल कंपनीशिवाय.

आणि तुमचं आमंत्रण. 'गणपतीला या,' म्हणालात. मॉरिशसला आम्हाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमान मुंबईहून थेट आहे. अडचण आहे ती आमच्याच घरच्या गणपतीची. चिपळूणच्या घरी पाच दिवस असतो, आणि थोरली सून मी! जाऊबाईंना विचारलंय. त्या 'बघू' म्हणाल्या. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाही होतो, पण ह्या वेळी त्यांनी लगेच विचारलं, तिथे उकडीचे मोदक करतात का?

मला सांगता आलं नाही. करता का हो? तिकिटाचे पैसे मी वेगळ्या पाकिटात काढून ठेवले आहेत.

तुमची,
चिपळूणची, जाखडीवाली