तिकिटावरचे तास

लंडन, १२ एप्रिल

ती. बाबा व सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

तिकिटावरून येताना ५ तास आणि परतताना साडेतेरा तास असा हिशोब आईने केला आणि तेव्हापासून तिला परतीच्या प्रवासाची धास्ती वाटते आहे, हे बाबांच्या फोनवरून कळले. आई, तुझी वजाबाकी चुकलेली नाही. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ उतरायच्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. त्यामुळे मुंबईहून दुपारी १ वाजता निघून येथे संध्याकाळी ६ वाजता उतराल, तेव्हा विमानात साडेनऊ तास झालेले असतील, आणि परतताना रात्री ९ ला निघून सकाळी साडेदहाला मुंबईत उतराल, तो प्रवास ९ तासांचाच असेल.

अंतर दोन्ही वेळा सारखेच, सुमारे ७,२०० किलोमीटर, मग वेळ कमी-जास्त का, असे बाबांनी विचारले होते. विमान ज्या उंचीवरून जाते तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. इकडे येताना ते समोरून अडवतात आणि परतताना पाठीमागून ढकलतात. बाबा, नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरलात, तर तो पट्टीच्या रेषेपेक्षा बराच उत्तरेकडून जातो, आणि जवळची वाट तीच आहे.

मला खरी काळजी आहे ती सातारा ते मुंबई या अडीचशे किलोमीटरची. घाटात किंवा मुंबईत शिरताना गाडी अडकली, तर विमान आपल्यासाठी थांबत नाही, आणि विमानतळावर तर ३ तास आधी पोहोचायचे आहे. म्हणून आदल्या दिवशीच निघून आत्याकडे मुक्काम करा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

येतानाचा दिवस तुमच्यासाठी साडेअठ्ठावीस तासांचा होईल. आईच्या साखरेच्या गोळ्या त्या दिवशी कोणत्या वेळी घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. बसून बसून पाय जड होतात, तेव्हा तास-दीड तासाने दोघांनीही उठून थोडे चालावे. आईचा गुडघा पाहता व्हीलचेअर मी दोन्ही विमानतळांवर आधीच सांगून ठेवली आहे. तिने संकोच करू नये.

परतीची तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपलीकडे नेलीत, तर घड्याळातला फरक साडेपाच तासांचा होईल, तेव्हा हिशोब पुन्हा करावा लागेल. तो मी आनंदाने करीन.

उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांत तास-सव्वा तास सहज जातो. मी ६ वाजल्यापासून बाहेर उभी असेन, घाई करू नका.

आपली,
लेक